फोनच्या रांगेतला दवाखाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

भाचीनं आज मला कामाला लावलं. आमच्या घरात लोकांना कामाला लावायचं खातं एरवी माझ्याकडे असतं.

सकाळी आली. तिची आई, म्हणजे माझी ताई, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिच्या हातचा चहा घेऊन भाची म्हणाली, "मावशी, तू निवृत्त झाल्यापासून आईची उठबस शिस्तीत बसली, मोलकरणीची बसली, समोरच्या कुत्र्याचीसुद्धा बसली. आता माझ्याबरोबर चल."

ती एका मदत संस्थेत आहे. बाहेरच्या देशांतून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या माणसांना निकाल लागेपर्यंत एका केंद्रात कोंडून ठेवतात. गुन्हा केलेली माणसं नव्हेत ही, पण दाराला कुलूप तेच. तिथे बायकांच्या बाजूला या संस्थेचा दवाखाना मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी चालतो. डॉक्टर असतात, औषधं असतात, पैसे पडत नाहीत. तरी बायका येत नाहीत. आणि मग अधूनमधून एखादीला स्ट्रेचरवरून मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं, तेही वेळेवर आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं अशा आजारासाठी. असं का होतं ते शोधायचं आहे. प्रश्न मी विचारायचे, आकडे भाची मांडणार. कारण सापडलं नाही तर मार्चअखेर दवाखाना बंद. संस्थेच्या वरच्या लोकांचं म्हणणं, कुणी येत नाही म्हणजे गरज नाही.

"कारण मी आत्ता सांगते," मी म्हणाले. "आळस."

"लिहून ठेव," भाची म्हणाली. "नंतर पडताळून बघू."

म्हणून ही वही. आळस. लिहून ठेवला.

चहात साखर नव्हती. ताईला म्हटलं, तर म्हणे, "घातली होती की गं." तिचं हल्ली कशात लक्ष नसतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

केंद्र पाहिलं. फरशी स्वच्छ आहे, कोपरे नाहीत. बायकांच्या दोन बराकी, अलीकडची आणि पलीकडची. मधे एक लांब व्हरांडा. त्याच्या एका टोकाला आपला दवाखाना: टेबल, पडदा, तपासायची खाट. दुसऱ्या टोकाला भिंतीवर फोन. पहाऱ्याला दोनच बायका, म्हणून बराकी आठवड्यातून दोनदाच सकाळी एकदम उघडतात आणि सगळं तेव्हाच उरकतात.

दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. मी मेट्रन होते तेव्हा माझ्याच वॉर्डात शिकाऊ म्हणून होते ते. मला पाहून उभे राहिले आणि कोडं ड्रॉवरमध्ये गेलं.

फोनच्या टोकाला मात्र जत्रा. भिंतीला चिकटून रांग, ढकलाढकली, "माझा नंबर", "तू कालची का आजची". मी दोनदा ओरडले. उभं राहायला यांना बळ आहे, पंचवीस पावलं चालून दवाखान्यात यायला नाही. भाचीला हे सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रश्न विचारले. आधी भाचीनं मला एक मजकूर पाठ करायला लावला होता: उत्तर द्यायचं की नाही ही तुमची मर्जी, नाही म्हणालात तरी औषध मिळेल, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. मी तो प्रत्येकीला खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. पहारेकरीण शेजारीच होती, त्यामुळे कुणी गडबड केली नाही.

"काही दुखतं का?" "ठीक आहे." "झोप?" "ठीक आहे." "भूक?" "ठीक आहे, मॅडम." एकूण एक बायका ठणठणीत. एकीचा श्वास तर शिट्टीसारखा वाजत होता, तीही ठीक. एकीनंही नाही म्हटलं नाही. काम वेळेआधी उरकलं. वॉर्डात माझी राउंड अशीच व्हायची.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाची जेवायला आली आणि वाद घालून गेली.

तिनं माझी उत्तरं वाचली आणि बाजूला ठेवली. "मावशी, ही उत्तरं नाहीत. ही हजेरी आहे."

"म्हणजे?"

"तू नाव पुकारलंस, त्या हजर म्हणाल्या. बायका उभ्या होत्या ना?"

"मग काय, सिंहासनावर बसवू? मीही उभीच होते."

"तेच तर. आणि पहारेकरीण?"

"दारात."

भाचीनं आईकडे पाहिलं. ताईनं ताटाकडे. मी म्हटलं, चाळीस खाटांचा वॉर्ड चालवलाय मी, मला प्रश्न कसे विचारायचे ते शिकवू नकोस. ती म्हणाली, वॉर्डातल्या बायकांना घरी जायचं असतं म्हणून त्या सांगतात. या कशासाठी सांगतील?

मी वाढायला उठले. भाजीत मीठ दुप्पट पडलं होतं. ताई वर्तमानपत्रही वाचत नाही हल्ली. म्हणते, बातम्यांचा कंटाळा आला. पूर्वी श्रद्धांजलीच्या जाहिरातीही सोडायची नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज एक काम झालं.

फोनच्या रांगेत पलीकडच्या बराकीतली एक बाई एका पायावर उभी होती, बगळ्यासारखी. बराकीत सगळ्यांचे कपडे तीच शिवते म्हणून तिला शिंपीण म्हणतात. उजवं पाऊल टेकवत नव्हती. विचारलं, तर "ठीक आहे, मॅडम." मी वाकून पाहिलं. अंगठ्याखाली जखम, कडा काळसर, आणि तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. मी दंड धरला आणि रांगेतून काढून सरळ खाटेवर आणून झोपवलं. ती मागे वळून वळून पाहत होती. म्हटलं, भीती वाटते सगळ्यांनाच.

साखर पार वर चढलेली. डॉक्टरांनी जखम धुतली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेट्रनबाई, एक दिवसाआड ड्रेसिंग आणि रोज औषध हवं. नाहीतर अंगठा जाईल. आणखी ढिलाई झाली तर पाऊल." शिंपिणीनं हूं की चूं केलं नाही. पट्टी बांधून झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. बराकी बंद झाल्या.

भाचीला म्हटलं, बघ, एकीला तरी आणलं. असंच धरून आणायला हवं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

एकही बाई आली नाही. शिट्टीवालीसुद्धा नाही. मला पाहून रांग भिंतीला आणखी चिकटली. शिंपीण मोजे घालून, दोन्ही पाय टेकवून ताठ उभी. चेहरा घामानं भिजलेला. मी जवळ गेले तर म्हणाली, "ठीक झालं, मॅडम." तीन दिवसांत ती जखम ठीक होत नसते. पट्टी बदलू दिली नाही.

रांगेत एक म्हातारी असते. अखंड बोलते म्हणून तिला सगळ्या रेडिओ म्हणतात. अर्ध्या बातम्या तिच्या मनच्या असतात. मी परत निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "बाई, पाय धुतलात ते बरं केलंत. पण तिचा मंगळवार घालवलात."

"कसला मंगळवार?"

तेव्हा कळलं. शिंपिणीची मुलगी आजीजवळ असते. त्यांच्याकडे फोन नाही. दर मंगळवारी आजी नातीला घेऊन दोन गावं चालत एका दुकानात येते. दुकानदार फोन त्यांच्यासमोर ठेवतो. हा मंगळवार चुकला की पुढचा. मी जखम धुवून घेत होते तेव्हा ती पोर तिकडे दुकानात उभी होती.

"मग तिनं मला सांगायचं नाही?"

"तुम्ही हात धरून नेलंत की. धरून नेणाऱ्याला आम्ही काही सांगत नसतो." मग रेडिओनं नेहमीप्रमाणे पुढची बातमी सुरू केली, की केंद्राच्या साहेबांची बदली होणार आहे. ती खोटी निघेल.

फोन अकराला बंद. दवाखाना अकराला बंद. रांग सोडली की नंबर गेला. हे सगळं मी पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ओरडले होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भाचीला सांगितलं. बोलणी खायची तयारी करून गेले होते. ती फक्त म्हणाली, "आता आपल्याकडे एक प्रश्न आहे." मग तिनं चहा केला. साखर बरोबर होती.

'आळस' वर एक रेघ मारली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

केंद्राचे साहेब, डॉक्टर, भाची आणि मी. आमचं म्हणणं सरळ: फोन आधी, दवाखाना नंतर, बारापर्यंत.

साहेब म्हणाले, "दोन बायकांच्या पहाऱ्यात बराकी किती वेळ उघड्या ठेवू? आणि फोनमुळेच येत नाहीत कशावरून? कुणाचं ऐकलंत?"

रेडिओचं नाव घ्यायची सोय नव्हती. भाची म्हणाली, "म्हणूनच पडताळायचं आहे. दोन आठवडे एकाच बराकीची वेळ बदलू. दुसरीची आहे तशी ठेवू. फरक पडला तर दिसेल, नाही पडला तर आम्ही गप्प बसू."

बारापर्यंत थांबायला डॉक्टरांना जमेना. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जमलं.

कोणती बराक आधी, हे भाचीनं चिठ्ठी टाकून ठरवलं. मी म्हणत होते, पलीकडचीच घ्या, शिंपीण तिकडे आहे. ती ऐकेना. आपण निवडली तर उद्या साहेब म्हणतील, तुम्हाला हवं ते दाखवलंत. चिठ्ठी अलीकडच्या बराकीची निघाली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तुझ्या आकड्यांसाठी त्या बाईचं पाऊल जाईल."

तीही गोरीमोरी झाली होती. "उपचार कुणाचेच थांबवायचे नाहीत, मावशी. फक्त वेळ बदलायची नाही. ती दवाखान्यात येत नसेल, तर दवाखान्यानं तिकडे जायला कोण अडवतंय?"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अलीकडच्या बराकीचा फोन दहाला संपला. मग त्या बायका आपल्या पायांनी दवाखान्यात आल्या. सगळ्या नव्हेत, पण बाक भरलं. शिट्टीवाली पहिली. डॉक्टरांचं कोडं राहिलं.

मी ट्रे घेऊन पलीकडच्यांच्या रांगेत गेले. पहारेकरणीला म्हटलं, तू जरा फोनजवळ थांब. मग शिंपिणीला तो पाठ केलेला मजकूर पुन्हा सांगितला, या वेळी हळू आवाजात. "इथेच, रांगेत, पट्टी बदलू का? नंबर जाणार नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

तिनं आधी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," म्हणाली.

इतक्या दिवसांत मला कुणी नाही म्हटलं ते हे पहिलंच. मी "बरं" म्हणाले आणि गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. त्या तिनं घेतल्या. घरी येऊन दोनदा ट्रे घासला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा नाही. पण मोजे नव्हते. रेडिओ म्हणाली, "बाई, तुम्ही उभ्या असलात की पोलीस वाटता." हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. भाचीला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांना वाटलं, तुला माहीत असेल."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज ती हो म्हणाली. दोन अटींवर: फोनचा नंबर आला की तिला थांबवायचं नाही, आणि खाली बसवायचं नाही. मग मीच फरशीवर बसले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तिनं पाऊल माझ्या मांडीवर ठेवलं.

अंगठा संपूर्ण काळा पडला होता. लाली वर चढत होती. मी पुसत होते तेवढ्यात तिचा नंबर आला. रांग एक पाऊल सरकली, मी ट्रेसकट बसल्या बसल्या सरकले. तिनं फोन कानाला लावला. पलीकडून बारीक आवाज येत होता, एका दमात शंभर गोष्टी सांगणारा.

मी जखमेच्या कडा साफ करत होते. कुणीही किंचाळलं असतं. तिनं भिंतीवर नखं रोवली आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "मी ना? मी ठीक आहे. अगदी ठीक आहे."

हे दोन शब्द मी इतक्या जणींकडून लिहून घेतले. ते कुणासाठी म्हणतात हे आज ऐकलं.

फोन ठेवल्यावर मी खालूनच म्हणाले, "रुग्णालयात जावं लागेल. आजच्या आज."

"नाही."

मी काय दुखतं ते विचारलं नाही. "गेलात तर काय जाईल तुमचं?" असं विचारलं.

ती म्हणाली, "तिथे फोन नाही."

बस, एवढंच. मी उठले, म्हणजे दोघींनी मला उठवलं, आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, रुग्णालयात मंगळवारी दहा मिनिटं फोन द्या, मी स्वतः जवळ बसेन, पहारा ठेवा हवा तर. ते म्हणाले, नियमात नाही. मी विचारलं, नको असं नियमात कुठे आहे? त्यांनी बराच वेळ शोधलं. सापडलं नाही. सही केली.

चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली आणि चपला मागवल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

अंगठा काढला. पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणतात, आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून काढावं लागलं असतं.

रुग्णालयातून दमून घरी आले. ताई गॅसजवळ उभी होती, काडेपेटी चाचपत. ती पेटी तिच्या हाताशेजारीच होती.

"डोळ्यांना काही होतंय का?"

"छे. ठीक आहे मी."

मी पर्स खाली ठेवली. एरवी मी तिला तसंच डॉक्टरांकडे ओढत नेलं असतं, चपलासुद्धा घालू न देता. स्वयंपाकघरात बसायला काही नसतं, म्हणून ओट्याखालच्या पाटावर बसले.

"ताई, सांगितलंस तर काय जाईल तुझं?"

तिनं ओटा पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाली, "तू गॅस काढून घेशील. मग मी दिवसभर काय करू? तुझ्या घरात मला तेवढंच आहे."

माझ्या घरात, म्हणाली. इतकी वर्षं झाली तरी.

भाचीला फोन केला. "तुझ्या आईला दिसत नाही."

"माहीत आहे. मोतीबिंदू आहे. तिनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"कुणाला म्हणजे?"

"तुला."

शनिवार, १ मार्च

ताईच्या डोळ्याची तारीख घेतली. तोवर चहा तीच करणार, असं ठरलं आहे. साखरेच्या डब्याला लाल दोरा बांधला, मिठाच्या डब्याला काही नाही. मी दारात उभी राहायचे, तर म्हणाली, "बस तरी, नाहीतर जा तरी." बसते आता.

मंगळवार, ११ मार्च

दोन आठवड्यांचे आकडे भाचीनं साहेबांपुढे ठेवले. अलीकडच्या बराकीतल्या निम्म्याहून जास्त बायका येऊन गेल्या. पलीकडच्या जवळजवळ कुणीच नाहीत. साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. शुक्रवारपासून दोन्ही बराकींना फोन आधी. रुग्णालयातला फोनही कायम. संस्थेनं वर्षभर दवाखाना चालू ठेवायचं कळवलं.

भाची रिक्षात रडली. मी तिला रुमाल दिला आणि म्हटलं, नाक पूस, अजून एक बराक आहे. पुरुषांची. तिथला फोन कधी असतो, विचारलंस का?

साहेबांची बदली झाली नाही.

मंगळवार, १८ मार्च

शिंपीण रुग्णालयातून परत आली. काठी आहे, पण दोन्ही पाय टेकतात. रांगेत तिला पुढे घ्यायला बायका तयार होत्या. ती आपल्या नंबरावरच उभी राहिली. फोन झाला. दहा वाजले. मग व्हरांड्याच्या त्या टोकाकडून या टोकाकडे चालत आली, सावकाश, कुणी दंड न धरता.

मी माझी वही उघडून उभी होते. पहारेकरीण लांब होती. मजकूर म्हणायला सुरुवात केली: उत्तर द्यायचं की नाही ही तुमची—

"पाठ आहे मला," ती म्हणाली.

"मग सांगा. काही दुखतं का?"

ती खाटेवर टेकली. काठी बाजूला ठेवली. तिनं समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"दुखतं," म्हणाली. "बसा, मॅडम. बराच वेळ लागेल."

मी स्टूल ओढलं आणि बसले.